यंत्र चुकत नाही, मग सातबारा कसा चुकतो?

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्या सरकारी कचेऱ्यांत एका नव्या वाक्याची भर पडली आहे. 'साहेब मीटिंगला गेलेत', 'फाइल वर गेली आहे', 'पुढच्या सोमवारी या' ही जुनी वाक्ये अजून टिकून आहेतच. पण त्यांच्या पंगतीला आता 'कॉम्प्युटरवर असंच आहे' हे वाक्य येऊन बसले आहे. जुन्या वाक्यांत निदान आशेला जागा होती. साहेब कधीतरी मीटिंगहून परत येत, सोमवार उजाडत असे, वर गेलेली फाइल कधीकाळी खाली येई. 'कॉम्प्युटरवर असंच आहे' म्हटले की मात्र समोरचा माणूस गप्पच होतो. माणसाशी भांडता येते, यंत्राशी काय भांडणार? आणि यंत्र चुकत नाही, असे तर आपण सगळेच शाळेपासून ऐकत आलो आहोत.

माझे म्हणणे असे की, यंत्र चुकत नाही हे मान्य केले तरी 'कॉम्प्युटरवर असंच आहे' हे उत्तर होऊ शकत नाही. तो प्रश्नाचा आरंभ आहे. कॉम्प्युटरवर जे आहे ते तिथे कोणी ठेवले, कशावरून ठेवले आणि ठेवल्यावर ते कोणी तपासले, हे विचारण्याचा हक्क नागरिकाला आहे, आणि उत्तर देण्याचे कर्तव्य ज्याने ते ठेवले त्याचे आहे. ही साधी गोष्ट विसरल्यामुळे किती घरांत किती हेलपाटे पडतात, हे पाहायचे असेल तर आपल्या रोजच्या ओळखीच्या कागदाकडे, म्हणजे सातबाऱ्याकडे पाहावे.

त्याआधी थोडे यंत्राविषयी. कोणतीही संगणकीय व्यवस्था जन्माला येते ती रिकाम्या घरासारखी. खोल्या आहेत, फडताळे आहेत, कप्प्यांवर चिठ्ठ्याही लावल्या आहेत; आत मात्र काही नाही. बँकेची असो, दवाखान्याची असो की तहसील कचेरीची, ती वापरात येण्यापूर्वी जुने सगळे सामान आत आणून लावावे लागते. संगणकवाले याला 'इनिशियल डेटा लोडिंग' म्हणतात. आपण पहिली भरणी म्हणू. माझ्या नोकरीची बरीच वर्षे ही भरणी करण्यात, आणि ती बिघडली की दोष शोधण्यात गेली. ज्यांनी एकदा तरी बिऱ्हाड हलवले आहे त्यांना या कामाचे मर्म सांगायला नको. काही वस्तू वाटेत फुटतात, काही भलत्या खोक्यात जातात, काही जुन्या घरीच राहतात. आणि सर्वांत त्रासाच्या त्या, ज्या हरवल्याचे सहा महिन्यांनी लक्षात येते.

आता सातबारा. गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाच्या नावावर आहे त्याचा उतारा, आणि गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. दोन्ही एका पानावर म्हणून सातबारा. भूमी अभिलेख संगणकावर आणण्याची केंद्र सरकारची योजना १९८८-८९ साली देशातल्या आठ जिल्ह्यांत प्रयोगादाखल सुरू झाली. त्यात आपला वर्धा जिल्हा होता. पुढे हे काम राज्यभर पसरले आणि १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. सुमारे अडीच कोटी सातबारे तलाठ्यांच्या दप्तरातून यंत्रात गेले. जगात कुठेही सांगावे असे हे काम आहे आणि ते करणाऱ्या तलाठ्यांचे, मंडल अधिकाऱ्यांचे श्रम कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही. रात्री जागून, नेटवर्क येईल त्या वेळी, प्रसंगी पदरमोड करून त्यांनी हे ओढले आहे.

पण त्या दप्तरातले पान कसे होते ते आठवून पाहा. ते नुसते नावांचे आणि आकड्यांचे पान नव्हते. ती एक स्वतंत्र भाषा होती. जमीन विकली गेली की जुन्या मालकाचे नाव खोडत नसत, त्याला कंस करीत. फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहीत. मंजुरी बाकी असलेली नोंद पेन्सिलीने करीत, मंजूर झाली की शाईने. थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' अशी तीन अक्षरे असत, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. त्या तीन अक्षरांच्या आड धाकटे भाऊ, बहिणी, विधवा भावजय असे अख्खे कुटुंब उभे असे. उजवीकडे 'इतर हक्क' नावाचा रकाना. त्यात सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा, कुळाचे नाव अशा दहा गोष्टी दाटीवाटीने लिहिलेल्या. तलाठीभाऊसाहेबांना ही भाषा येत होती. गावातल्या जाणत्यांनाही येत होती.

यंत्राला फक्त चौकोन कळतात. नावाचा चौकोन, क्षेत्राचा चौकोन, फेरफाराचा चौकोन. ज्या खुणेला चौकोन नाही ती खूण भरणीत गळून पडते, आणि गळताना आवाज करीत नाही. कंस गळला तर वीस वर्षांपूर्वी जमीन विकून गेलेला गृहस्थ पुन्हा मालकांच्या यादीत येऊन बसतो. पेन्सिल आणि शाई यांतला फरक गळला तर नामंजूर झालेली नोंद कायम होते. 'ए.कु.मॅ.' ही तीन अक्षरे गळली तर थोरला भाऊ एकटाच मालक ठरतो आणि बहिणींना आपला हिस्सा होता हे पुन्हा सिद्ध करावे लागते. कोणी लबाडी केली नाही, कोणी लाच घेतली नाही. तीन अक्षरांना चौकोन नव्हता, इतकेच.

आकड्यांची तऱ्हा आणखी वेगळी. माझ्या मावसभावाचीच गोष्ट सांगतो. त्याच्या जुन्या उताऱ्यावर क्षेत्र '१.५' असे होते, म्हणजे दीड हेक्टर, एक हेक्टर पन्नास आर. भरणी करणाऱ्यापुढे दोन चौकोन होते, एक हेक्टरचा आणि एक आरचा. त्याने पहिल्यात एक टाकला, दुसऱ्यात पाच. झाले! दीड हेक्टरचे एक हेक्टर पाच आर झाले. पंचेचाळीस आर, म्हणजे एक एकराहून जास्त जमीन, एका टिंबात गेली. कचेरीतला मुलगा सभ्य होता. 'काका, कॉम्प्युटरवर असंच आहे. तुम्ही अर्ज द्या,' म्हणाला. मावसभाऊ म्हणाला, 'अहो साहेब, पण बांध तर जिथल्या तिथंच आहे की!' त्या मुलाकडे याला उत्तर नव्हते. दुरुस्ती झाली, पण दीड वर्षाने. आणि तेवढ्यात सोसायटीने त्याचे पीककर्ज नव्या क्षेत्रावर, म्हणजे कमी करून दिले होते. यात त्याचा दोष काय, हे मला आजवर कोणी सांगू शकलेले नाही.

नावांचा घोळ निराळाच. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी मराठीच्या प्रत्येक फॉन्टची आतली सांकेतिक रचना वेगळी असे. एका फॉन्टमधले 'क्ष' दुसऱ्यात उघडले की काहीतरी भलतेच उमटे. जुना मजकूर युनिकोडमध्ये उतरवताना जोडाक्षरे फुटणे, वेलांटी सरकणे हे नेहमीचे दुखणे. शिवाय एकाच माणसाचे नाव एका गटावर 'पाटील' आणि दुसऱ्यावर 'पाटिल' लिहिलेले असेल तर आपल्याला तो एकच माणूस दिसतो. यंत्राला दोन दिसतात. मग खाती दोन, आठ-अचे उतारेही दोन.

हे सगळे ऐकून कोणी म्हणेल, ही आपल्याकडची रड. बाहेर असे होत नसेल. तर तसे नाही. २०२० सालच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये करोनाच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी आठवडाभर सरकारी आकडेवारीतून गायब होत्या. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फायलीतून मुख्य यंत्रणेत भरली जात होती. त्या जुन्या प्रकारात ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत. त्यापुढच्या ओळी गळल्या. ते रुग्ण आजारी आहेत हे त्यांना स्वतःला कळले होते. पण त्यांच्या संपर्कात कोण आले होते याचा शोध तेवढे दिवस थांबला. त्याच वर्षी शास्त्रज्ञांनी माणसाच्या काही जनुकांची नावेच अधिकृतपणे बदलली, कारण 'मार्च १'सारखे नाव टाकले की एक्सेल त्याची तारीख करून टाकी. यंत्रापुढे माणसाने हात टेकले ते असे. आपला सर्व्हे नंबर '१२/३' एखाद्याने तसाच एक्सेलमध्ये टाकला तर त्याचीही १२ मार्च होते, हे जाता जाता लक्षात ठेवावे.

या सगळ्यांत एक धागा आहे. बिघडलेली भरणी ओरडत नाही. जी भरणी मध्येच अडकते, पडद्यावर लाल अक्षरे दाखवते, ती बरी. निदान कुठे अडले ते कळते. उदाहरणार्थ, खातेदारांची यादी आधी भरायची आणि मग त्यांच्या जमिनी, हा क्रम चुकला तर चांगली व्यवस्था सरळ नकार देते. ज्या मालकाचे नाव मला ठाऊक नाही त्याची जमीन मी घेणार नाही, म्हणते. हा नकार म्हणजे उपकार आहे. घात होतो तो 'काम पूर्ण झाले' असा हसरा संदेश देऊन हजारातल्या तीन ओळी गिळणाऱ्या भरणीत, किंवा चुकून दोनदा चालवली गेल्यामुळे प्रत्येक नाव दोनदा लिहिणाऱ्या भरणीत.

म्हणून दोष शोधायला बसले की पहिला नियम साधा आहे: आधी मोजा. जुन्या दप्तरात किती पाने होती, यंत्रात किती उतरली? जुन्या पानांवरच्या क्षेत्राची बेरीज किती, यंत्रातली किती? किराणा दुकानदार रोज रात्री गल्ला मोजतो तेवढेच हे. जमिनीच्या बाबतीत तर सोयही आहे. गावाच्या आकारबंदात प्रत्येक नंबराचे क्षेत्र स्वतंत्रपणे नोंदलेले असते. सातबाऱ्यावरच्या सर्व मालकांच्या क्षेत्राची बेरीज त्याच्याशी जुळली पाहिजे. दुसरा नियम: बेरीज जुळली म्हणून थांबू नका. दोन भावांची क्षेत्रे अदलाबदल झाली तरी बेरीज जुळतेच. तिथे मूळ पान आणि पडदा शेजारी ठेवून माणसाच्या डोळ्यांनीच वाचावे लागते. तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वाधिक मोडला जाणारा: हे सर्व व्यवस्था सुरू होण्यापूर्वी करा.

याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. व्यवस्था रिकामी असताना भरणी चुकली तर सगळे पुसून पुन्हा भरता येते. पाटी कोरी आहे. पण एकदा कचेरी सुरू झाली, त्या नोंदींवर एक खरेदीखत झाले, एक वारसनोंद झाली, बँकेने एक बोजा चढवला, की पाटी पुसण्याचा मार्ग बंद. आता पुसायचे तर त्यावरचे खरे व्यवहारही पुसले जाणार. मग एकेक चूक चिमट्याने उचलावी लागते, आणि एकेका चुकीमागे एकेक अर्ज, एकेक सुनावणी. म्हणून उद्घाटनाची तारीख आधी ठरवून भरणी तिच्यामागे पळवत न्यायची, या आपल्या आवडत्या पद्धतीसारखी महाग पद्धत नाही. फीत कापायला दोन मिनिटे लागतात. त्या घाईची किंमत पुढची वीस वर्षे गावकरी भरतात.

आपल्याकडे दुरुस्तीचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. हस्तलिखित आणि संगणकीय सातबारा ताडून पाहण्यासाठी तलाठ्यांना 'एडिट' आणि नंतर 'री-एडिट' अशा सुविधा दिल्या गेल्या, दोन्ही अभिलेख जुळत असल्याची घोषणापत्रे घेतली गेली. यातला मला सर्वांत आवडलेला उपाय मात्र यंत्राचा नव्हताच. तो होता चावडी वाचनाचा. २०१७ साली गावोगावी संगणकातले सातबारे चावडीवर मोठ्याने वाचले गेले. गट नंबर अमुक, नाव अमुक, क्षेत्र अमुक. गर्दीतून एखादी म्हातारी म्हणणार, 'अरे, तो तर आमच्या जावेच्या वाटणीचा तुकडा!' हजारो ओळींतली जी चूक कोणत्याही तपासणी अहवालात दिसणार नाही, ती त्या म्हातारीला ऐकताक्षणी कळते, कारण त्या बांधावर तिने पन्नास वर्षे गवत कापले आहे. कर्नाटकाने 'भूमी' प्रकल्पात सुमारे दोन कोटी नोंदी संगणकावर नेताना छापील प्रती गावकामगारांकडे पडताळणीला पाठवल्या होत्या, तोही याच जातीचा शहाणपणा. माहिती ज्याची आहे त्याने ती ऐकल्याशिवाय भरणी पुरी झाली असे समजू नये.

दुर्दैवाने चावडीवर सगळेच येऊ शकत नाहीत. मुंबई-पुण्याला पोटासाठी गेलेले, सासरी नांदणाऱ्या मुली, अंथरुणाला खिळलेले म्हातारे यांचे सातबारे कोणी वाचले आणि कोणी ऐकले? गैरहजर माणसाचा हक्कच बहुधा पातळ होतो.

आणि इथे कायद्याची बाजू येते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत किंवा तिच्या जागी कायदेशीर नवी नोंद होईपर्यंत, खरी मानली जाते. तत्त्व योग्यच आहे. नाहीतर रोज उठून कोणीही कशालाही आव्हान देईल. पण हे तत्त्व तलाठ्याने गावात राहून, नोटीस देऊन, हरकती ऐकून केलेल्या नोंदीसाठी होते. घाईत एका टिंबाने बदललेल्या आकड्यालाही तीच प्रतिष्ठा मिळते, आणि तो आकडा चुकीचा आहे हे सिद्ध करण्याचे ओझे ज्याचे नुकसान झाले त्याच्याच डोक्यावर येते. लेखनप्रमाद दुरुस्त करण्यासाठी कलम १५५ आहे. पण त्याचा व्यवहारातला अर्थ अर्ज, जुन्या नकला, हेलपाटे आणि तारखा असा झाला आहे. ज्याने चूक केली तो खुर्चीवर, आणि ज्याची जमीन गेली तो रांगेत!

काही जाणकार म्हणतात, जुनी दप्तरे तरी कुठे निर्दोष होती? त्यांतही चुका, लबाड्या होत्याच. खरे आहे. पण जुनी चूक जुन्या पानावर दिसत असे. खाडाखोड दिसे, वेगळी शाई दिसे, अक्षर बदललेले दिसे. संगणकातून येणारा प्रत्येक उतारा सारखाच स्वच्छ असतो, आणि स्वच्छ अक्षराला आपण सत्य समजतो. दुसरे जाणकार म्हणतात, एवढ्या मोठ्या कामात शंभरात एखादी चूक चालायचीच. अडीच कोटींत शंभरात एक म्हणजे अडीच लाख सातबारे होतात. त्यातला एक तुमचा असेल तर तुमच्यापुरती चूक शंभर टक्के असते.

तेव्हा माझा आग्रह चारच गोष्टींचा आहे. एक, जी चूक भरणीत झाली आहे ती दुरुस्त करण्याचे ओझे कचेरीचे. खातेदाराने एवढेच म्हणावे की जुळत नाही. जुने पान काढून ते जुळते हे दाखवण्याची जबाबदारी भरणाऱ्याची. फी नाही, वकील नाही, आणि मुदत ठरलेली. दोन, स्कॅन केलेले जुने हस्तलिखित पान नव्या उताऱ्याच्या शेजारी, त्याच जागी, कोणालाही विनासायास पाहता आले पाहिजे. तीन, भरणीनंतर झालेला प्रत्येक बदल कोणी, केव्हा, कोणत्या आदेशाने केला हे उताऱ्याबरोबर दिसले पाहिजे. कारण चूक सुधारायला उघडलेल्या दारातून चूक घुसवताही येते. चार, चावडी वाचन एकदाच करून भागणार नाही. ते दरवर्षी व्हावे, आणि परगावच्या खातेदारांना त्याची सूचना मोबाइलवर जावी.

हे आत्ताच म्हणण्याचे कारण आहे. राज्यातल्या कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक २०२५ पासून अनिवार्य झाला आहे, आणि त्या नव्या व्यवस्थेची पहिली भरणी याच सातबाऱ्यांवरून होते. पीकविमा, अनुदान, नुकसानभरपाई सारे तिथून पुढे जाणार. एका घरातली चूक दुरुस्त न करता आपण ती दुसऱ्या घरात नेत आहोत. आणि दोन ठिकाणी एकच चूक सापडली की ती चूक राहत नाही, तिला पुरावा म्हणतात.

वाचकांपैकी ज्यांच्या नावावर गावाकडे दोन-चार गुंठे का होईना जमीन आहे, त्यांनी येत्या सुट्टीत ट्रंकेतला जुना उतारा काढावा, नवा काढून आणावा, आणि घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसासमोर दोन्ही मोठ्याने वाचावेत. नाव, गट, क्षेत्र, आकार, इतर हक्क, सगळे. कुठे अडले तर शांतपणे कचेरीत जावे आणि 'कॉम्प्युटरवर असंच आहे' असे उत्तर मिळाले की तितक्याच शांतपणे पुढचा प्रश्न विचारावा: 'कशावरून?'